कागदावरची बॅटलक्रूझर : एका सोप्या धड्याची तपासणी

तंत्रज्ञानाच्या इतिहासातील काही गोष्टी आम्हां शिक्षकांच्या फार आवडीच्या असतात, कारण त्यांचे तात्पर्य एका वाक्यात सांगता येते. बॅटलक्रूझर नावाच्या युद्धनौकांची गोष्ट त्यांपैकीच एक. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश आरमाराने मोठ्या तोफांच्या, अतिशय वेगवान, पण पातळ चिलखताच्या नौका बांधल्या. ३१ मे १९१६ रोजी उत्तर समुद्रातील जटलंडच्या लढाईत त्यांतील तीन नौका सुमारे अडीच तासांत स्फोट होऊन बुडाल्या आणि तीन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. तात्पर्य असे की, वेगाच्या हव्यासापायी संरक्षणाचा बळी देऊ नये.

ही गोष्ट आम्हीही अनेकदा याच पद्धतीने सांगितली आहे. ऐकणारी मुले मान डोलावतात, वहीत एक ओळ लिहून घेतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण एकदा आम्ही ठरवले की, ही नौका आपणच कागदावर आखून पाहू. त्या काळची माहिती, त्या काळचा खर्च, त्या काळची यंत्रे घ्यायची आणि बघायचे की, शहाणा माणूस वेगळे काय करू शकला असता? हिशोब करता करता आमच्या लक्षात आले की, आम्ही शिकवत आलो ते तात्पर्य निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे अधिक महत्त्वाचे आहे आणि ते चिलखताच्या जाडीत सापडत नाही. प्रस्तुत लेख ही त्या सोप्या तात्पर्याची, म्हणजे थोडीफार आमच्याच शिकवण्याची, तपासणी आहे.

प्रश्न काय होता?

कोणत्याही आराखड्यावर टीका करण्यापूर्वी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून काढला होता, हे पाहिले पाहिजे. ऑक्टोबर १९०४ मध्ये ॲडमिरल जॉन फिशर ब्रिटिश आरमाराचे प्रमुख झाले आणि डिसेंबरमध्ये त्यांनी नव्या नौकांच्या आराखड्यांसाठी एक समिती नेमली. तिच्यात दर्यावर्दी अधिकाऱ्यांच्या जोडीला शास्त्रज्ञही होते. उष्मागतिकीमुळे आपल्या परिचयाचे लॉर्ड केल्व्हिन तिचे सदस्य होते आणि नौकांच्या लहान प्रतिकृती पाण्याच्या टाकीत ओढून त्यांचा रोध मोजणारे आर. ई. फ्रूडही होते. म्हणजे हे काम कोणा अडाण्याने घाईत उरकले, असे म्हणायला जागा नाही.

समितीपुढे दोन नौका होत्या. एक 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका. समोरासमोरच्या लढाईत शत्रूच्या बलाढ्य नौकांशी झुंजणारी. दुसरी 'इन्व्हिन्सिबल', हिलाच पुढे बॅटलक्रूझर हे नाव मिळाले. ब्रिटनचे अन्नधान्य आणि कच्चा माल समुद्रमार्गे येत असे. शत्रूच्या वेगवान क्रूझर या मार्गांवर धाडी घालतील, ही मोठी धास्ती होती. त्या क्रूझरना गाठणारी आणि गाठल्यावर निर्विवाद मात करणारी नौका हवी होती. शत्रूच्या आरमाराची टेहळणी करताना आड येणाऱ्या क्रूझरना बाजूला सारणे, हेही तिचे काम होते. त्या काळच्या चांगल्या क्रूझरचा वेग साडेबावीस-तेवीस नॉट होता. पाठलाग करणारीचा वेग जेमतेम तितकाच असेल, तर ती दिवसभर धावूनही हात हलवत परत येणार. म्हणून २५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर, ही मागणी आली.

आता हे गणित आपण फळ्यावर मांडू.

फळ्यावरची नौका

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तरंगणारी नौका आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. हे वजन हीच आराखडा करणाऱ्याची तिजोरी. आपल्या नौकेला आपण १७,५०० टन देऊ. प्रत्यक्षातील इन्व्हिन्सिबल १७,२५० टनांची होती. अधिक वजन घेता येईल, पण मग गोदी मोठी हवी, पैसा अधिक हवा, आणि तेवढ्या पैशात नौकांची संख्या कमी होते. (इंग्रजी टन आणि मेट्रिक टन यांत दीड टक्क्याचा फरक आहे; फळ्यावरच्या हिशोबात तो सोडून देऊ.)

प्रथम वेग. नौकेचा रोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हे पडताळण्यासाठी एक सुरेख उदाहरण हाताशी आहे. ड्रेडनॉटला २१ नॉट वेगासाठी २३,००० अश्वशक्ती पुरत होती. जवळजवळ तितक्याच वजनाची नौका २५ नॉटने न्यायची तर २५ भागिले २१ याचा घन, म्हणजे सुमारे १.६९ पट शक्ती हवी. उत्तर येते ३८,८०० अश्वशक्ती. इन्व्हिन्सिबलची प्रत्यक्ष शक्ती होती ४१,०००. वेग फक्त १९ टक्क्यांनी वाढला, शक्ती मात्र ७८ टक्क्यांनी! घनाचा नियम विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

प्रत्यक्ष आकडा आपल्या उत्तरापेक्षा जास्त का, याचे एक कारण लाटांमध्ये आहे. धावणारी नौका जी लाट उठवते ती नौकेच्याच वेगाने चालते. खोल पाण्यात लाटेची लांबी तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २१ नॉटला ती सुमारे ७५ मीटर भरते, २५ नॉटला १०६ मीटर. ही लांबी नौकेच्या लांबीच्या जवळ येऊ लागली की नौकेला आपणच उठवलेल्या लाटेचा चढ चढत राहावा लागतो आणि रोध घनाच्या नियमालाही मागे टाकून वाढतो. त्यावर उपाय म्हणजे नौका लांब करणे. ड्रेडनॉट ५२७ फूट लांब होती, इन्व्हिन्सिबल ५६७ फूट. पण नौका लांब केली की झाकायची बाजूही लांब होते, म्हणजे तेवढ्याच जाडीच्या चिलखताचे वजन वाढते. एक दोरी ओढली की दुसरी ताणली जाते, ती अशी.

आता वाटणी. पुढील आकडे आम्ही त्या काळच्या नौकांवरून अंदाजाने धरलेले, पूर्णांकात आणलेले आहेत :

नौकेचा सांगाडा – ६,१०० टन
आठ बारा-इंची तोफा, त्यांचे चार बुरूज व दारूगोळा – २,४५० टन
बॉयलर व टर्बाइन – ३,४०० टन
नेहमीचा कोळसा – १,००० टन
इतर सामान – ७०० टन

बेरीज १३,६५० टन. चिलखतासाठी उरले ३,८५० टन. यांत थोडा हातचाही ठेवायला हवा, कारण बांधता बांधता नौकेचे वजन वाढतेच. हा अनुभव सर्व देशांच्या गोद्यांचा आहे.

पोलादाची एक चौरस मीटरची, एक इंच जाडीची पाटी सुमारे २०० किलो भरते. नौकेच्या मधल्या १३० मीटर भागाला दोन्ही बाजूंनी ३.४ मीटर उंचीचा पट्टा द्यायचा तर क्षेत्रफळ सुमारे ८८४ चौरस मीटर होते. म्हणजे पट्ट्याच्या प्रत्येक इंचाला १७७ टन. सहा इंचांचे झाले १,०६० टन. चार बुरूज आणि त्यांच्या खालचे, कोठारापर्यंत उतरणारे विहिरीसारखे चिलखती नळे सात इंचांचे केले तर १,३०० टन. आडव्या भिंती, कप्तानाची चिलखती खोली आणि किरकोळ मिळून ५०० टन.

उरला डेक. नौकेचा आडवा छेद सुमारे ३,१०० चौरस मीटरचा आहे. म्हणजे डेकच्या एका इंचाला ६२० टन पडतात! बाजूच्या पट्ट्याच्या साडेतीन इंचांइतके पोलाद डेकचा एकच इंच खाऊन टाकतो. आपण तो एक इंचच देऊ. एकूण चिलखत झाले ३,४८० टन, आणि हातचे राहिले ३७०.

पाहा, आपल्याही नौकेला कडेला सहा इंच आणि डेकला एक इंच इतकेच मिळाले. ड्रेडनॉटचा पट्टा अकरा इंचांचा होता. ड्रेडनॉटच्या चिलखतावर सुमारे ५,००० टन खर्च झाले होते, यंत्रांवर सुमारे २,०००. इन्व्हिन्सिबलमध्ये यंत्रांचे वजन सव्वातीन-साडेतीन हजारांवर गेले आणि चिलखत तितकेच खाली आले. म्हणजे जवळपास जेवढे चिलखत उतरवले तेवढी यंत्रे चढवली.

तीन पर्याय, तिन्ही महाग

आता विद्यार्थी हमखास म्हणतात, "सर, चिलखत अकरा इंच करा ना!" करू या. पाच इंच वाढवायचे म्हणजे सुमारे ८८५ टन आणायचे. हातच्याला हात न लावता ते कोठून आणता येतील?

पहिला पर्याय, यंत्रांतून. ३,४०० मधून ८८५ गेले की शक्ती ७४ टक्के राहते. तिचे घनमूळ काढले की वेग येतो सुमारे साडेबावीस नॉट. म्हणजे नौका आता तितक्याच वेगाच्या क्रूझरच्या मागे धावणार! ज्या कामासाठी ती बांधली तेच काम तिला जमणार नाही. जवळजवळ ड्रेडनॉटच पुन्हा बांधल्यासारखे झाले.

दुसरा पर्याय, तोफांतून. चारांपैकी एक बुरूज काढला तर तोफा, दारूगोळा आणि त्या बुरुजाचे चिलखत मिळून ९०० टनांहून अधिक वाचतात. २५ नॉट वेग राहतो, अकरा इंचांचा पट्टा मिळतो, तोफा मात्र सहाच राहतात. आम्हांला हा पर्याय मोहक वाटला. पण तेव्हा दूरवरचा नेम एकेका तोफेने नव्हे, अनेक तोफांच्या एकदम केलेल्या मारगिरीत गोळे कोठे पडतात ते पाहून साधला जाई. तोफा कमी केल्या की नेम साधायला वेळ लागतो.

तिसरा पर्याय, तिजोरीच मोठी करणे. जर्मनांनी हेच केले. त्यांची पहिली बॅटलक्रूझर 'फोन डेर टान' १९१० मध्ये तयार झाली. तिचे वजन १९,००० टनांच्या वर होते, तोफा आठच, पण बारा इंचांऐवजी अकरा इंचांच्या, आणि कडेचा पट्टा २५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दहा इंच. ती इन्व्हिन्सिबलपेक्षा सरस होती यात शंका नाही. परंतु ती नंतर आखली गेली, आणि तिच्यापुढचा प्रश्नही वेगळा होता : तिने क्रूझरचा पाठलाग तर करावाच, पण वेळ पडल्यास मुख्य आरमाराच्या रांगेतही उभे राहावे. वेगळ्या प्रश्नाचे उत्तर वेगळे आले. केवळ दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवून गुण द्यायचे, आणि प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या होत्या हे विसरायचे, ही परीक्षकाची चूक ठरेल.

येथे कागदी नौका आखणाऱ्या हौशी मंडळींविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. अशा काल्पनिक नौका आखण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत बराच आहे. त्यांतील पुष्कळ आराखड्यांत एक दोष दिसतो. नौका म्हणायची १९०५ सालची, पण आखणाऱ्याला १९१६ साली काय घडले ते ठाऊक! साहजिकच त्याची नौका फिशरच्या नौकेपेक्षा शहाणी निघते; तिचा डेक नेमका जाड असतो. पण समितीने मुख्य निर्णय घेतले तेव्हा त्सुशिमाची लढाई (मे १९०५) अजून व्हायची होती. लढाई पाच-सहा हजार यार्डांच्या आत होईल, गोळे जवळजवळ आडवे येऊन कडेवर आदळतील, ही तेव्हाची समजूत अगदी वाजवी होती. जटलंडला पहिले गोळे सुटले ते सुमारे पंधरा हजार यार्डांवरून; इतक्या लांबून येणारा गोळा वरून उतरतो. डेकच्या एका इंचाला ६२० टन मोजायची तयारी १९०५ साली कोणाची, आणि का असावी? पुढच्या वर्षीची उत्तरे पाहून सोडवलेल्या गणिताला आपण गुण देत नाही. येथेही देऊ नयेत.

पहिली परीक्षा

नौकेला तिच्याच प्रश्नावर तपासण्याची संधी इतिहासाने एकदा दिली. ८ डिसेंबर १९१४ रोजी दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांजवळ इन्व्हिन्सिबल आणि तिची बहीण 'इन्फ्लेक्सिबल' यांनी 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझनाऊ' या जर्मन क्रूझरचा पाठलाग करून दोन्ही बुडवल्या. वेग जास्त असल्यामुळे अंतर किती ठेवायचे हे ब्रिटिश ठरवू शकले. त्यांच्या नौकांची हानी किरकोळ झाली. म्हणजे ज्यासाठी ही नौका आखली होती, ते काम तिने चोख केले.

फक्त एक आकडा येथे लक्षात ठेवावा. या विजयासाठी दोन नौकांनी मिळून सुमारे पावणेबाराशे बारा-इंची गोळे झाडले. त्यांतील बहुतेक समुद्रात पडले. लांबून नेम लागणे इतके दुर्मीळ असेल, तर जास्तीत जास्त वेगाने गोळे झाडावेत, असा विचार कोणाच्याही मनात येईल. ब्रिटिश आरमारात तो खोल रुजला. पुढच्या अनर्थाचे बीज आमच्या मते येथे आहे.

जटलंड : तुलना नीट करू या

३१ मे १९१६ रोजी प्रथम 'इन्डिफॅटिगेबल', मग 'क्वीन मेरी' आणि शेवटी 'इन्व्हिन्सिबल' स्फोटाने नष्ट झाल्या. क्वीन मेरीवरील १,२६६ आणि इन्व्हिन्सिबलवरील १,०२६ जण गेले; इन्व्हिन्सिबलचे सहाच वाचले. पातळ चिलखत हेच कारण, असे आपण सांगत आलो. प्रयोगशाळेत आपण मुलांना शिकवतो की, एखाद्या घटकाचा परिणाम पाहायचा तर बाकीचे घटक सारखे ठेवून तुलना करावी. तशी तुलना येथे करता येते का?

काही अंशी येते. क्वीन मेरीचा कडेचा पट्टा नऊ इंचांचा होता. त्याच पट्ट्याच्या 'लायन', 'प्रिन्सेस रॉयल' आणि 'टायगर' या नौका त्याच दिवशी, त्याच शत्रूशी लढल्या. टायगरवर पंधराच्या आसपास मोठे गोळे आदळले. ती परत आली. चिलखत सारखे, परिणाम वेगळा. म्हणजे चिलखताची जाडी हे एकच कारण पुरेसे नाही.

दुसरी तुलना अधिक बोलकी आहे. २४ जानेवारी १९१५ रोजी डॉगर बँकच्या लढाईत 'झायडलिट्झ' या जर्मन बॅटलक्रूझरच्या मागच्या बुरुजाखालील नळ्यावर ब्रिटिश गोळा आदळला. त्या जागचे चिलखत २३० मिलिमीटर, म्हणजे क्वीन मेरीच्या बुरुजांइतकेच, नऊ इंच होते. ते फुटले. आत तोफांसाठी काढून ठेवलेली दारू पेटली, ज्वाळा दोन बुरुजांमधील दारातून शेजारच्या बुरुजात शिरल्या आणि दोन्ही बुरूज माणसांसह जळाले. दीडशेहून अधिक लोक गेले. पण नौका फुटली नाही. विल्हेल्म हाइडकांप या पंपांवरच्या खलाशाने तापलेल्या झडपा हाताने फिरवून दारूकोठारात पाणी सोडले. जर्मनांची मुख्य दारू पितळी नळकांड्यांत बंद असे. ती भडकून जळे, पण एकदम स्फोट होण्याचा संभव कमी असे. शिवाय या अनुभवानंतर, एका वेळी किती दारू कोठाराबाहेर ठेवायची यावर त्यांनी निर्बंध आणले.

ब्रिटिश नौकांत चित्र उलटे होते. त्यांचे कॉर्डाइट रेशमी पिशव्यांत असे. लवकर लवकर गोळे झाडता यावेत म्हणून कोठारांची दारे उघडी ठेवली जात, पिशव्या डब्यांतून आधीच काढून वाटेत रचल्या जात. बुरुजात पडलेल्या ठिणगीला थेट कोठारापर्यंत जाण्यासाठी ही जणू वातच अंथरलेली होती. नियम याच्या विरुद्ध होते. पण नियमाने चालले तर झाडण्याचा वेग मंदावे, आणि शाबासकी वेगाला मिळे.

याचा पडताळा खुद्द लायन नौकेनेच दिला. तिच्यावर १९१५ मध्ये अलेक्झांडर ग्रँट नावाचा अनुभवी तोफखाना-अधिकारी रुजू झाला. कोठाराभोवतीची ही सैल शिस्त पाहून त्याने ती बदलली : पिशव्या लागतील तितक्याच बाहेर काढायच्या, दारे शक्य तितकी बंद ठेवायची. जटलंडला लायनच्या मधल्या बुरुजाचे छप्पर गोळ्याने उडाले. मरणासन्न अवस्थेत मेजर फ्रान्सिस हार्वे यांनी कोठारात पाणी सोडण्याचा हुकूम दिला. थोड्या वेळाने वाटेतील दारूने पेट घेतला, बुरुजाखालची माणसे गेली, पण कोठार बंद होते आणि पाण्याने भरले होते. नौका वाचली. हुकूम देणारा हार्वे आणि हुकूम येण्यापूर्वी वर्षभर नीट शिस्त लावणारा ग्रँट, या दोघांपैकी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर पहिलाच येतो. आम्हांला वाटते, शिक्षकाने दुसऱ्याचेही नाव घ्यावे.

याचा अर्थ चिलखताला महत्त्व नव्हते, असा मुळीच नाही. चिलखत फुटलेच नसते तर ठिणगी आत गेलीच नसती. पण आग लागणे आणि नौका फुटणे या दोन घटना आहेत. पहिली चिलखतावर अवलंबून होती, दुसरी दारूच्या जातीवर आणि ती हाताळण्याच्या सवयीवर. आपल्या फळ्यावरच्या तक्त्यात सांगाडा, तोफा, यंत्रे, कोळसा, चिलखत अशा ओळी आहेत. सवयीची ओळ नाही, कारण सवयीला वजन नसते. बंद दाराला ८८५ टन लागत नाहीत.

आणखी एक नोंद. त्याच संध्याकाळी, स्वतः नष्ट होण्याच्या काही मिनिटे आधी, पातळ चिलखताच्या इन्व्हिन्सिबलच्या तुकडीने जाड चिलखताच्या जर्मन 'ल्युट्झो'च्या पुढच्या भागाला पाण्याखाली भोके पाडली. त्यांतून शिरलेले पाणी आवरता आवरेना आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मनांना ती नौका स्वतःच बुडवावी लागली. तिची पुढची, पाणतीरांसाठीची मोठी खोली पाण्याला अडवू शकली नाही. प्रत्येक आराखड्यात कोठे ना कोठे असे दार उघडे राहिलेले असते.

आराखड्याची खरी चूक

मग फिशर निर्दोष होते का? तसेही नाही. आमच्या मते त्यांची चूक पहिल्या नौकेत नव्हती. प्रश्न बदलल्यावरही उत्तर तेच ठेवण्यात होती. १९०९ नंतर जर्मनांच्याही बॅटलक्रूझर समुद्रात येऊ लागल्या. आता समोर क्रूझर नव्हती, बरोबरीच्या तोफांची नौका होती. ज्या नौकेवर मोठ्या तोफा आहेत तिला सेनापती एक ना एक दिवस रांगेत उभी करणारच, हा धोका त्या काळीही काहींनी बोलून दाखवला होता. तरी वेग हेच संरक्षण ही श्रद्धा ढळली नाही.

याची साक्ष देणारी एक नौका आपल्या मुंबईने पाहिली आहे. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचे युवराज अपोलो बंदरावर उतरले. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा अपुरा होता. शहरात हरताळ होता, परदेशी कापडाची होळी झाली आणि त्या दिवसापासून उसळलेल्या दंगलीची नोंद आपल्या इतिहासात आहे. युवराजांना घेऊन आलेली नौका होती 'रिनाऊन' ही बॅटलक्रूझर. फॉकलंडच्या विजयाच्या भरात फिशर यांनी तिची आणि 'रिपल्स'ची मागणी रेटली आणि २५ जानेवारी १९१५ रोजी दोघींचे काम सुरू झाले. आपल्या दुसऱ्या पर्यायाप्रमाणे तिच्यावर सहाच तोफा होत्या, मात्र पंधरा इंचांच्या. परंतु वाचवलेले वजन चिलखताकडे गेले नाही. तीस नॉटांहून अधिक वेगाकडे गेले. वजन २६,००० टनांच्या वर गेले, पट्टा मात्र सहा इंचांचाच राहिला! जटलंडनंतर घाईघाईने तिच्यावर सुमारे ५०० टन चिलखत चढवावे लागले, तरी मुंबईला आली तेव्हा तिचा कडेचा पट्टा तितकाच होता.

पुढे मोठ्या दुरुस्त्यांत तिचे संरक्षण वाढवले गेले. दुसऱ्या महायुद्धातून ती सुखरूप बाहेर पडली आणि १९४८ मध्ये मोडीत निघाली. तिची बहीण रिपल्स १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी बुडवली. त्याच दिवशी, त्याच विमानांनी, तिच्याहून कितीतरी जाड चिलखताची नवी युद्धनौका 'प्रिन्स ऑफ वेल्स'ही बुडवली. तोवर प्रश्न पुन्हा बदलला होता.

वर्गात

हा हिशोब नववी-दहावीच्या वर्गात दोन तासिकांत होतो. घन, घनमूळ, घनता, क्षेत्रफळ, आर्किमिडीजचे तत्त्व, एवढी शिदोरी पुरते. विद्यार्थ्यांचे गट करावेत : एक तोफांचा, एक यंत्रांचा, एक चिलखताचा, एक सांगाड्याचा. प्रत्येकाने आपल्यासाठी जास्तीत जास्त टन मागावेत आणि बेरीज १७,५०० च्या वर गेली की भांडून कमी करावेत. ज्यांना युद्धनौका हा विषय नको वाटेल त्यांनी मच्छीमारी बोट किंवा मालवाहू ट्रक घ्यावा. वाटणीचे तत्त्व बदलत नाही.

मात्र दोन नियम पाळावेत. एक, आराखड्याचे साल फळ्यावर लिहावे आणि त्या सालानंतरचे ज्ञान कोणी वापरू नये. दुसरा, एक पाचवा गट ठेवावा. त्याच्या वाट्याला एकही टन येणार नाही. तो नौकेवर काम करणाऱ्या माणसांचा गट. इतर चौघांनी आखलेली नौका घाईत, अंधारात, थकलेल्या हातांनी कशी चालवली जाईल, कोणते दार सोयीसाठी उघडे ठेवले जाईल आणि त्याला शाबासकी कोण देईल, हे त्याने विचारायचे. आम्ही प्रथम हा खेळ घेतला तेव्हा चारच गट केले होते, आणि तासाच्या शेवटी फळ्यावर पुन्हा तेच जुने तात्पर्य लिहिले. पुढच्या वेळी पाचवा गट केला. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी वाद संपला नव्हता, आणि फळ्यावर तात्पर्य लिहायचे राहून गेले.